सांगलीची हळद न्हावा-शेवाच्या गेटातून बाहेर काढताना : मुंबईमार्गे पहिल्या निर्यातीचा क्रम

पिशवीत हळकुंडांचा नमुना घेऊन मुंबईत उतरलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हा : "परदेशातला गिऱ्हाईक कुठे भेटेल?" मीही हाच विचारला होता. चर्चगेटपासून वाशीपर्यंत चार दिवस फिरलो, व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा घेऊन घरी परतलो आणि त्यातून एकही ऑर्डर निघाली नाही. गिऱ्हाईक भेटतो हो. पण त्याचे पैसे कुठल्या वाटेनं, किती दिवसांत आणि कुठला कागद दाखवल्यावर आपल्या खात्यात येणार, हे ठरलेलं नसेल तर तो भेटून उपयोग नसतो. म्हणून या लेखातला क्रम पैशाकडून मालाकडे जातो. उदाहरण हळदीचं घेतलंय, कारण ते मला हाताळून माहीत आहे. बेदाणा, डाळिंब किंवा पितळी नळ पाठवणाऱ्यानं संस्थांची नावं बदलून घ्यावीत, क्रम तोच ठेवावा.

घरून उरकायचे कागद

यातल्या कशासाठीही मुंबईला जावं लागत नाही, त्यामुळे भराभर सांगतो. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या म्हणजे डीजीएफटीच्या संकेतस्थळावर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा क्रमांक काढा. फी ५०० रुपये, आणि क्रमांक म्हणजे तुमचा पॅनच. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती अद्ययावत करावी लागते. काही बदललं नसलं तरी 'बदल नाही' एवढं तरी नोंदवावं लागतं. हे विसरलं की आयईसी निष्क्रिय होतो आणि ते नेमकं कळतं गाडी भरून उभी असताना.

चालू खातं अशा शाखेत काढा जिथे परकीय चलनाचं काम रोज होतं. गावातल्या शाखेत ओळख असते, पण तिथल्या साहेबांनी शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सला द्यायचं निर्यातीचं घोषणापत्र, कधी पाहिलेलं नसतं. बँकेकडून १४ अंकी एडी कोडचं, म्हणजे परकीय चलनाचं काम करणाऱ्या त्या शाखेच्या क्रमांकाचं पत्र घ्या आणि कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर ज्या बंदरातून माल जाणार त्या बंदरासाठी त्याची नोंद करा. न्हावा-शेवासाठी केलेली नोंद सहार विमानतळाच्या मालाला चालत नाही. सरकारी परतावे ज्या खात्यात यायला हवेत ते खातंही त्याच बैठकीत नोंदवून टाका. जीएसटी न भरता निर्यात करायची तर एलयूटी, म्हणजे तसं हमीपत्र दाखल करा. ते प्रत्येक आर्थिक वर्षी नव्यानं करावं लागतं. खाण्याचा माल आहे, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, एफएसएसएआयचा केंद्रीय परवाना हवा.

मग येते मालानुसार नोंदणी. हळद, मिरची, जिरं असेल तर मसाला मंडळ. द्राक्षं, आंबा, कांदा असेल तर अपेडा ही शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था. तिचं मुंबई विभागाचं कार्यालय वाशीत आहे. हिरे-दागिन्यांची परिषद वांद्रे-कुर्ला संकुलात, सुती कापडाची ऑपेरा हाऊसला, रसायनांची कुपरेजला. अशी कितीतरी दारं मुंबईत एका लोकल पासावर फिरता येतात, हा या शहराचा खरा फायदा. आपलं दार कुठलं ते एचएस कोडवरून, म्हणजे मालाच्या जगभर चालणाऱ्या वर्गवारी क्रमांकावरून ठरतं.

एचएस कोड आणि एकच देश

ओली हळद ०९१०३०१०, वाळलेली ०९१०३०२०, पूड ०९१०३०३०. शेवटचे दोन अंक चुकले तर परताव्याचा दर चुकतो, आणि समोरच्या देशात शुल्क चुकलं की वाद गिऱ्हाइकाशी होतो. कोड पक्का झाला की जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्राचा ट्रेड मॅप हा विदासंच उघडा. कुठला देश हळद कोणाकडून किती घेतो आणि सरासरी काय भावानं, हे तिथे दिसतं. एक संध्याकाळ त्यावर घालवा. भाव बघून जीभ चाळवते, पण त्या भावामागची अट बघा.

युरोपीय संघात हळदीत अफ्लाटॉक्सिन बी१ किलोमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर आणि एकूण अफ्लाटॉक्सिन १० च्या वर चालत नाही. निर्जंतुकीकरणाला वापरल्या जाणाऱ्या इथिलिन ऑक्साइडबद्दल तिथे कडक मर्यादा आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरनं भारतीय मसाल्यांच्या काही तयार मिश्रणांवर बोट ठेवलं ते याच रसायनामुळे. तेव्हा नमुना आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. मसाला मंडळाची स्वतःची प्रयोगशाळा नवी मुंबईत आहे. अहवाल बघा आणि मग देश निवडा. उलटं केलं की ऑर्डर हातात आणि माल नापास, अशी गंमत होते. २०१० साली नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांनी हे भोगलंय : क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला म्हणून युरोपात कंटेनर अडकले. द्राक्षांचा बागेपासून माग ठेवणारी अपेडाची ग्रेपनेट व्यवस्था तेव्हा होती, पण तपासायच्या यादीत ते रसायन नव्हतं.

एकाच देशावर पूर्ण भिस्त ठेवू नये हे मुंबईला कोणी शिकवायला नको. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले आणि समुद्र बुजवायच्या कंपन्यांच्या शेअरात पैसे घालणारे सगळे झोपले. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेनं भारतातून येणाऱ्या बऱ्याच मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं तेव्हा अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातल्या दागिनेवाल्यांना असाच झटका बसला. पण पहिल्या खेपेला मात्र देश एकच धरा. दोन देशांचे नियम एकदम शिकू गेलात तर दोन्ही अर्धे राहतात.

नवख्यासाठी मी संयुक्त अरब अमिरात सुचवीन. न्हावा-शेवाहून जेबेल अली बंदर काही दिवसांच्या अंतरावर आहे. दिरहमचा दर डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला असल्यामुळे चलनाचं एक कोडं कमी होतं. १ मे २०२२ पासून दोन्ही देशांत व्यापार करार लागू आहे. दुबईत आपली माणसंही भरपूर. मात्र मावसभावाच्या ओळखीवर माल पाठवायचा तरी कागद तेच ठेवा जे अनोळखी माणसासाठी ठेवाल.

गिऱ्हाईक : मुंबईत काय मिळतं, काय नाही

इथे एक गैरसमज मोडायला हवा. मुंबईत परदेशी वकिलाती खूप आहेत. अमेरिकेची वांद्रे-कुर्ला संकुलात, जर्मनीची नरिमन पॉइंटला, जपानची पेडर रोडच्या बाजूला. तिथे जाऊन 'आमचा माल घ्या' म्हणायला लोक धडपडतात. पण त्यांच्या व्यापार विभागाचं मुख्य काम त्यांच्या देशाचा माल इथे विकणं आणि आपल्या उद्योगांची गुंतवणूक तिकडे नेणं हे आहे. ते सौजन्यानं बोलतील, एखादी यादीही देतील. तुमच्यासाठी पगार घेणारा माणूस मात्र त्या देशातल्या *भारतीय* दूतावासाच्या वाणिज्य विभागात बसलेला असतो. दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाला नीट ईमेल लिहा : माल, कोड, प्रयोगशाळेचा अहवाल, महिन्याची क्षमता. आणि एक नेमकी मागणी करा, उदाहरणार्थ 'अमुक कंपनी खरोखर मसाला आयात करते का'. 'आम्हाला गिऱ्हाईक द्या' या ओळीला उत्तर येत नाही.

द्विपक्षीय चेंबरची गोष्ट थोडी वेगळी. भारत-जर्मन चेंबर १९५६ पासून मुंबईत आहे आणि ते दोन्ही दिशांनी काम करतं. सेवेचे पैसे घेतात, पण काम नेटकं होतं. १८३६ चं बॉम्बे चेंबर, १९०७ चं इंडियन मर्चंट्स चेंबर, वालचंद हिराचंदांनी १९२७ ला उभं केलेलं महाराष्ट्र चेंबर, कफ परेडचं वर्ल्ड ट्रेड सेंटर या ठिकाणी शिष्टमंडळं येत असतात. सदस्य झालात तर त्या खोलीत बसायला मिळतं. पहिल्या वर्षी एकाच ठिकाणचं सदस्यत्व घ्या.

प्रदर्शनात गाळा घेण्याआधी एकदा नुसतं फिरून या. दुबईचं गल्फूड दरवर्षी असतं. कोलोनचं अनुगा विषम वर्षी आणि पॅरिसचं सियाल सम वर्षी भरतं. गाळ्याला खर्च मोठा, आणि मसाला मंडळ किंवा अपेडाच्या सामूहिक दालनात जागा मिळाली तर तो बराच उतरतो.

माझं खरं मत विचाराल तर पहिला गिऱ्हाईक वाशीच्या मसाला बाजारातच आहे. तिथले जुने निर्यातदार वर्षानुवर्षं माल बाहेर पाठवतात आणि त्यांना पुरवठादार लागतातच. त्यांच्यामार्फत एक-दोन खेपा पाठवा. अटी पाळल्या तर निर्यातदाराला तुमच्याकडून ०.१ टक्का जीएसटीनं माल घेता येतो. नफा कमी राहतो, पण कुठल्या देशाला कसली प्रतवारी लागते, पोत्यावर काय छापतात, ओलावा किती टक्क्यांवर नाकारतात हे त्यांच्या गोदामात उभं राहून कळतं. अशी शाळा फी देऊनही मिळत नाही. स्वतःची निर्यात त्यानंतर.

पैसे येण्याची वाट

आता मुख्य भाग. इथे घाई केलेला माणूस पुढे कुठेच सावरत नाही.

ईमेलवर मोठी ऑर्डर, भावाची घासाघीस नाही, आणि 'आमच्या मंत्रालयात नोंदणीची फी तेवढी भरा' : हे आलं की बंद करा. दुसरा प्रकार जास्त घातकी आहे. गिऱ्हाईक खरा, व्यवहार खरा, पण मधेच कोणीतरी तुमच्यासारख्याच दिसणाऱ्या ईमेल पत्त्यावरून त्याला कळवतो की आमचं बँक खातं बदललंय. तो बिचारा तिकडे पैसे भरतो. म्हणून पहिल्याच करारात लिहा की खातं बदलल्याची खबर फोनवर खातरजमा झाल्याशिवाय ग्राह्य नाही.

गिऱ्हाइकाची पत तपासायला ईसीजीसी आहे. १९५७ ची ही सरकारी कंपनी मुंबईतच, अंधेरीला. परदेशी खरेदीदारानं पैसे बुडवले तर ती विमा देते, आणि विमा देण्याआधी खरेदीदाराची मर्यादा ठरवते. मला ती मर्यादाच विम्यापेक्षा मोलाची वाटते. तुम्ही चाळीस लाखांची ऑर्डर घेऊन गेलात आणि ईसीजीसीनं त्या गिऱ्हाइकाला दहा लाखांच्या वर हात लावला नाही, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

पैशाचे मार्ग साधारण चार. पूर्ण आगाऊ : नमुन्यासाठी आणि छोट्या खेपेसाठी आग्रह धरा. काही आगाऊ आणि उरलेले कागदांच्या प्रतीवर : गल्फमध्ये हे सर्रास चालतं. बँकेमार्फत कागद, म्हणजे डीपी : गिऱ्हाईक पैसे भरतो, मगच त्याची बँक त्याला मूळ बिल ऑफ लेडिंग (बीएल), म्हणजे बोट कंपनीनं दिलेला मालाच्या मालकीचा कागद देते आणि त्याशिवाय त्याला माल सोडवता येत नाही. आणि पतपत्र, म्हणजे एलसी : ठरलेले कागद दाखवले की पैसे देण्याची हमी गिऱ्हाइकाची बँकच घेते.

डीपी सुरक्षित वाटतो, पण त्यात दोन भोकं आहेत. एक, माल विमानानं गेला तर एअर वेबिल हा मालकीचा कागद नसतो. त्यावर प्राप्तकर्ता म्हणून गिऱ्हाइकाचं नाव असेल तर तो तुमच्या कागदांची वाट न बघता माल घेऊन जातो. दोन, गिऱ्हाईक कागद सोडवायलाच आला नाही तर माल तिकडच्या बंदरात पडून राहतो आणि रोजचं भाडं चढतं. मग फोन येतो : 'बाजार पडलाय, वीस टक्के सूट द्या, घेतो.' काही देशांत तर मूळ आयातदाराच्या ना-हरकतीशिवाय माल परत आणता किंवा दुसऱ्याला विकता येत नाही. माझ्या एका खेपेला हेच झालं, आणि मी सूट दिली. तीस टक्के आगाऊ घेतले असते तर तो फोन आलाच नसता. आगाऊ रक्कम एवढी हवी की माल सोडून जाणं गिऱ्हाइकाला महाग पडेल आणि परत आणायची वेळ आली तर जाण्यायेण्याचं भाडं त्यातून निघेल.

एलसी चांगलं, पण बँक माल बघत नाही, कागद बघते. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे कागद तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच कामाचे दिवस, आणि वेगळं काही लिहिलं नसेल तर माल चढल्यापासून २१ दिवसांत कागद द्यावे लागतात. एलसीचा मसुदा पक्का होण्याआधी मागवा आणि आपल्या क्लिअरिंग एजंटापुढे, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणाऱ्यापुढे ठेवा. 'अमुक अधिकाऱ्यानं सही केलेला तपासणी दाखला' अशी अट त्यात असेल आणि तो अधिकारी गिऱ्हाइकाचाच माणूस असेल, तर त्या एलसीत आणि उधारीत काही फरक नाही.

भाव बांधणे

एफओबी न्हावा-शेवा भाव म्हणजे माल बोटीवर चढेपर्यंतचा सगळा खर्च तुमचा. सीआयएफ जेबेल अली म्हणजे पुढचं भाडं आणि विमाही तुमचा. नवख्यानं एफओबीच द्यावा, कारण बोटीचं भाडं आपल्या हातात नसतं. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, युरोपच्या बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या, प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला आणि भाडी कुठच्या कुठे गेली. आधीच सीआयएफ भाव देऊन बसलेल्यांनी तो फरक खिशातून भरला.

वहीत ही खाती पाडा : हळद, पॉलिश आणि चाळणी, पोती, प्रयोगशाळा, सांगलीहून ट्रक, कंटेनर भरण्याची मजुरी, एजंटाची फी, टर्मिनल हँडलिंग, बीएलची फी, कीड मारायची धुरी, दाखले, बँकेचे शुल्क, ईसीजीसीचा हप्ता, पैसे अडकलेल्या दिवसांचं व्याज. शेवटचं खातं सगळे विसरतात. ड्रॉबॅक आणि आरओडीटीईपी या निर्यातीवरचे कर परत देणाऱ्या सरकारी योजनांचा परतावा भावात आधीच वजा करू नका. दर बदलतात, मिळायला वेळ लागतो. मिळाला की बोनस समजा. डॉलरचा भाव मोठ्या रकमेला बँकेकडे फॉरवर्ड करून, म्हणजे पुढच्या तारखेचा दर आजच ठरवून, बांधून घेता येतो.

कंटेनर

वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते. हळकुंडं पोकळ रचली जातात, त्यामुळे वजनाची मर्यादा गाठण्याआधी जागा संपते. पूड असेल तर वजनाकडे लक्ष. पूर्ण कंटेनर भरत नसेल तर एलसीएल, म्हणजे दुसऱ्यांच्या मालाबरोबर. तिथे भाडं घनमीटर किंवा टन यातलं जे जास्त त्यावर लागतं. मसाला एलसीएलनं पाठवताना शेजारी काय भरणार ते फॉरवर्डरला, म्हणजे बोटीत जागा मिळवून देणाऱ्याला विचारा. साबणाच्या वासाची हळद कोणी घेत नाही. शे-पन्नास किलोचे नमुनेवजा पुडे असतील तर पोस्टाचं डाकघर निर्यात केंद्र किंवा कुरिअर पुरतं.

रिकामा कंटेनर आला की आत जा, दार लावून घ्या आणि अंधारात उभे राहा. कुठूनही उजेडाचा ठिपका दिसला तर तो परत पाठवा, कारण तिथून समुद्राचं पाणी येतं. वास घ्या. फळी ओली आहे का बघा. हळदीचा शत्रू ओलावा. हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं कोरडी राहायची, पण पत्र्याच्या पेटीत दिवसा तापून रात्री थंड झालं की छताला घाम सुटतो. म्हणून आतून क्राफ्ट कागद, आणि ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगा. लाकडी पॅलेट असतील तर त्यावर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकूड कीडमुक्त केल्याचा शिक्का हवाच. भरताना प्रत्येक थराचा फोटो, शेवटी सीलच्या क्रमांकाचा फोटो.

एजंट निवडताना 'सगळं करतो साहेब' म्हणणाऱ्यापेक्षा तुमच्याच मालाची चार शिपिंग बिलं दाखवणारा बरा. तो आइसगेटवर शिपिंग बिल भरतो, कस्टम्सचा 'लेट एक्स्पोर्ट' आदेश घेतो. भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन, म्हणजे व्हीजीएम, २०१६ पासून सक्तीचं आहे. प्रत्येक बोटीला कट-ऑफ असतो. त्या वेळेआधी कंटेनर टर्मिनलच्या गेटात गेला नाही तर पुढच्या बोटीवर. कुठल्या टर्मिनलला जायचं ते बोटीवर ठरतं, कारण न्हावा-शेवात पाच कंटेनर टर्मिनल आहेत. ट्रकवाल्याला हे लेखी द्या. कट-ऑफच्या एक दिवस आधी पोचायचा हिशोब ठेवा. उरणच्या रस्त्यावरची कंटेनरची रांग ज्यानं पाहिली आहे त्याला कारण विचारावं लागणार नाही.

गंमत म्हणजे सांगलीची हळद पनवेलवरूनच उरणकडे वळते. तिला मुंबई दिसतही नाही. १९८९ ला खाडीपलीकडे हे बंदर सुरू झालं आणि कंटेनर इंदिरा गोदीकडून तिकडे गेले; शहरात उरल्या त्या बँका, विमा, चेंबर आणि सह्या. पुढे डहाणूजवळ वाढवणला बंदर उभं राहतंय. ३० ऑगस्ट २०२४ ला त्याची पायाभरणी झाली आणि तिथल्या मच्छीमारांचा विरोध अजून शमलेला नाही.

कागद पुन्हा एकदा वाचणे

बोट सुटण्याआधी बीएलचा मसुदा येतो. तो स्वतः वाचा, मोठ्यानं. गिऱ्हाइकाचं नाव, पोत्यांची संख्या, निव्वळ आणि ढोबळ वजन, सील क्रमांक हे इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. नंतर दुरुस्तीला पैसेही लागतात आणि दिवसही. २०२५ च्या मे महिन्यात विमानानं अमेरिकेला गेलेल्या आंब्याच्या पंधराएक खेपा तिथल्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या, त्या विकिरणाच्या कागदपत्रांतल्या त्रुटीवरून. परत आणणं परवडेना म्हणून तो आंबा तिथेच नष्ट करावा लागला.

शुल्कसवलतीसाठी मूळस्थानाचा दाखला डीजीएफटीच्या पोर्टलवरून निघतो. अमिरातीसाठी त्या कराराखालचा दाखला मागा, साधा काढलात तर गिऱ्हाइकाला सवलत मिळत नाही. वनस्पती आरोग्याचा दाखला आणि धुरीचं प्रमाणपत्र लागतं का, हे गिऱ्हाइकाकडून लेखी घ्या. मग सगळे कागद बँकेत द्या. मूळ बीएल थेट गिऱ्हाइकाला कुरिअर करायचा मोह, 'लवकर सोडवतो' या आश्वासनावर, पैसे आल्याशिवाय टाळा. 'टेलेक्स रिलीज द्या', म्हणजे मूळ बीएल न दाखवता माल सोडायला सांगा, ही विनंतीही तीच गोष्ट आहे.

पैसे आल्यावर

शिपिंग बिल झालं की त्याची नोंद रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस या निर्यातीच्या पैशांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेतून तुमच्या बँकेकडे येते आणि ठरलेल्या मुदतीत तेवढे पैसे आले नाहीत तर ती उघडी राहते. अशी उघडी बिलं साठली तर पुढची निर्यातच अडते. रक्कम आली की बँकेला शिपिंग बिल क्रमांकासह लेखी कळवा, कारण बँक आपणहून जोड्या लावेल ही आशा फोल असते. मधल्या बँकेनं वीस-तीस डॉलर कापले तर तेही त्यात दाखवून घ्या. त्यानंतर डीजीएफटीच्या पोर्टलवर ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे आल्याचा दाखला तयार करा.

आणि भरताना काढून ठेवलेला दोन किलोचा सीलबंद नमुना, वरती तारीख आणि लॉट नंबर लिहिलेला, लगेच फोडून घरच्या डब्यात घालू नका. गिऱ्हाइकाची 'रंग फिका आला' ही तक्रार बहुतेक वेळा पैसे देऊन झाल्यावर, पुढच्या ऑर्डरचा भाव ठरवताना येते.